सँडरला पाजलेलं तेल

जळकी मशीन माझ्या टेबलावर ठेवताना माणूस पहिलं वाक्य स्वतःला सोडवून घेणारं बोलतो, याचा मला फार राग येतो. "काहीच नाही केलं हो, चालता चालता बंद पडली." मेहकरला सुतारांच्या विजेवरच्या मशीनी दुरुस्त करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. रंधा मारायच्या, कापायच्या, भोकं पाडायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, सगळ्या तऱ्हेच्या. एवढ्या वर्षांत "माझ्या हातून बिघडली" म्हणणारा एक माणूस भेटला नाही. मशीनलाच जणू जगायचा कंटाळा येतो आणि ती आपली आपण जळून जाते.

आणि करतात काय काय! हिवरा आश्रमाकडचा एक सुतार, हाताचा एवढा कसबी की त्याच्या दाराचा सांधा शोधून सापडत नाही. पण मशीनमधले कार्बन झिजले की तो बॅटरीचा जुना सेल फोडतो, त्यातली काळी कांडी घासतो आणि तीच आत बसवतो. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या तांब्याला वीज पोचवणारे दोन लहान चौकोनी तुकडे. ते मऊ असतात, झिजावेत म्हणूनच असतात. सेलची कांडी कडक, ती तांबंच खाऊन टाकते. दुसरा एक शहाणा मशीनमध्ये भुसा जाऊ नये म्हणून तिला पायमोजा घालतो. वारा घ्यायच्या जाळ्या बंद होतात, मोटर आतल्या आत गुदमरते. मी ओरडतो, ते हसतात, चहा सांगतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करून येतात. खोटं कशाला बोलू, ही भांडणं मला आवडतातसुद्धा. पण आता जी गोष्ट सांगतो आहे, तिच्यातला राग तसला नाही. तो अजून गेलेला नाही.

जानेफळच्या अलीकडे एका शेठचा फर्निचरचा कारखाना आहे. शाळांचे बाक, दवाखान्याची कपाटं, लग्नातले दिवाण. सात-आठ पुरुष कामाला, त्यांच्यावर एक म्हातारा मिस्त्री, आणि एक बाई. बाई जवळच्याच खेड्यातली, बौद्ध घरातली, पस्तिशीच्या आतबाहेरची. आली होती हाताने पॉलिश पेपर घासायला, पण वर्षभरात सँडर चालवायला शिकली. सँडर म्हणजे तळाला पॉलिश पेपर लावलेली, थरथरत फिरणारी मशीन, लाकूड गुळगुळीत करणारी. ती नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधायची. कारखान्यात गेलो की मला फक्त तिचे डोळे आणि पांढऱ्या भुकटीने माखलेल्या भुवया दिसायच्या. बोलणं आमचं कधी झालंच नव्हतं.

गेल्या भाद्रपदात शेठ आणि मिस्त्री दोघंही माझ्या दुकानात आले. शेठने सँडर टेबलावर ठेवली.

"ही तिसरी हाय भाऊ," तो म्हणाला. "वर्षात तीन मशीनी खाल्ल्या त्या बाईनं. सोमवारी काढून टाकली मी तिले."

"बाईमाणसाचं काम नाही ते," मिस्त्री म्हणाला. "आन् वरून मशीनीले कधी हात जोडत नाही. मंग कशी टिकन?"

शेठला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. मशीन उघडून दुरुस्त करायची, आणि एका कागदावर लिहून द्यायचं की ती चालवणाऱ्याच्या हाताने जळाली. बाईचा भाऊ कारखान्यात येऊन विचारत होता, बहिणीला का काढलं म्हणून. त्याला दाखवायला कागद पाहिजे होता.

"तुमीच तं म्हणलं होतं ना," शेठ म्हणाला, "दाबून वापरली म्हणून. दोन्ही वक्ताले म्हणलं होतं. तेच लिहून द्या."

मी म्हणालो होतो, हे खरं होतं. आधीच्या दोन मशीनी शेठनेच आणल्या होत्या. एक दिवाळीच्या सुमारास, एक लग्नसराईच्या गर्दीत. दोन्ही वेळा मी मशीन नाकाशी नेली, जळका वास घेतला, कानाशी हलवली आणि सांगितलं, "आर्मेचर गेलं, मोटरचा फिरता गाभाच जळाला. दुरुस्ती परवडत नाही, नवीन घ्या. दाबून वापरली." आमच्या धंद्यातलं हे ठरलेलं वाक्य आहे. डॉक्टर जसं "बाहेरचं खाणं बंद करा" म्हणतो तसं. गिऱ्हाइकालाही ते बरं वाटतं, कारण तो मशीन स्वतः चालवत नसतो. त्या दोन्ही मशीनी भंगारात टाका म्हणून शेठ माझ्याकडेच सोडून गेला होता.

तेव्हा एवढंच म्हणालो की उघडून पाहतो, मग लिहितो. कागद एक-दोन दिवसांनी मिळेल, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा शंकाबिंका काही आलेली नव्हती. मशीन दुरुस्त करायची होती, म्हणून ती उघडायची होती, इतकंच.

मशीन तपासताना मी आधी वीज लावत नाही. आधी तळ बघतो, मग बोटांनी फिरवून बघतो, मग स्क्रू काढतो. सँडर दाबून वापरणाऱ्याचा हात तळाच्या पॅडवर दिसतो. घाई करणारा माणूस मशीन तिरकी धरून रेटतो, त्याचा पॅड एका कडेने झिजतो आणि दुसऱ्या कडेने नवाच राहतो. हा पॅड चारी बाजूंनी सारखा झिजला होता. बोट फिरवलं तर कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. मशीनचं वजन मशीनलाच पेलू द्यायचं आणि हाताने फक्त वाट दाखवायची, हे ज्याला जमतं त्याचाच पॅड असा राहतो. असे पॅड मी फार पाहिलेले नाहीत, आणि मेहकरातल्या नावाजलेल्या मिस्त्र्यांचे तर नाहीतच.

मग बेअरिंग. रेटणाऱ्याच्या मशीनची बेअरिंग आधी जाते. ही बोटाने फिरवली तर आवाज नाही, खेळ नाही. तेव्हा कुठे मी सावरून बसलो आणि झाकण काढलं.

आत भुसा असतोच. त्यात काही गुन्हा नाही. कोणत्या कारखान्यात काय काम चालतं, हे भुशावरून कळतं. सागाचा तपकिरी, जरा तेलकट. हल्लीच्या दाबलेल्या पाट्यांचा पिठासारखा बारीक, मातकट. तो कोरडा असला की ब्रशने झटकला, हवा मारली की निघतो. इथे मात्र ब्रश चिकटून बसला. कार्बनच्या चोहीकडे भुशाची कणीक मळून लावल्यासारखा काळा लगदा होता. वरचा कार्बन आपल्या खोबणीत असा रुतला होता की मागची स्प्रिंग ढकलून ढकलून थकली असणार. कार्बन तांब्याला नीट टेकत नव्हता, म्हणून ठिणग्या उडत होत्या, आणि ठिणग्यांनी तांब्याच्या पट्ट्या जागोजागी जळल्या होत्या. खालचा कार्बन मात्र बऱ्यापैकी मोकळा होता. म्हणजे जे काही आत गेलं, ते वरच्या जाळीतून गेलं होतं.

मी लगदा बोटावर घेतला आणि वास घेतला. तिळाचं तेल. देवापुढच्या दिव्याचं तेल!

चिमट्याने आणखी उकरलं तर लगद्यात एक तांदळाचा दाणा निघाला. पूजेतली अक्षता, जळून काळी पडलेली. मोटरच्या पोटात अक्षता! मी इतक्या मशीनी उघडल्या. त्यांत पाल सापडली आहे, मुंगळ्यांचं घर सापडलं आहे, एकदा तर कुणाच्या तरी चांदीच्या अंगठीतला खडासुद्धा. अक्षता पहिल्यांदाच सापडली.

दोन दिवसांनी मिस्त्री मशीन आणि कागद न्यायला एकटाच आला. मी उघडी मशीन त्याच्यासमोर ठेवली.

"मिस्त्री, हे तेल कुठून आलं आत?"

"अमावस्येचं असन," तो म्हणाला. काही लपवायचं आहे, असं त्याच्या तोंडावर नव्हतंच. "दर अमावस्येले आमी मशीनीची पूजा करतो ना. हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, का मंग तेल पाजतो."

"कुठून पाजता?"

त्याने वरच्या जाळीवर बोट ठेवलं. "हे काय, तोंडातून."

"किती?"

"बाकीच्याईले दोन-दोन थेंब. हिले पळीभर."

"हिलेच पळीभर काऊन?"

"बाई हात जोडत नाही ना भाऊ. मंग तिच्या वाटचं बी म्याच घालतो. मशीन कायले उपाशी राहावं? तिचं बी बरंच पाह्यलं म्या."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हा माणूस बाईवर उपकार करत होता! तिने हात जोडले नाहीत म्हणून तिच्या मशीनला जास्तीचं तेल, त्या तेलाने मशीन जळणार, आणि जळाली की कारण काय, तर बाई हात जोडत नाही. मी टेबलावर हात आपटला. मिस्त्री दचकून मागे सरकला.

"अहो, ते तोंड नाही," मी ओरडलो. "ते नाक हाय तिचं! वारा घेते तिथून. तिथं थेंबभर बी तेल चालत नाही. दोन थेंब बाकीच्या मशीनी कशातरी पचवतात, कारण त्यांचा भुसा जाडा, बाहेर उडून जातो. सँडरची भुकटी पिठासारखी. त्यात पळीभर तेल ओतलं तं लगदा होईल नाही तं काय होईल?"

"इतक्या वर्साची रीत हाय," मिस्त्री म्हणाला. "काल तुमी झाले मोठे इंजिनेर."

कागद न घेताच तो निघून गेला. मशीनही राहिली.

मी पूजेच्या विरोधातला माणूस नाही. दसऱ्याला माझ्या वाइसच्या पकडीला, पान्यांना, ग्राइंडरला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल लागतं. पण बाहेरून. देवालाही आपण नैवेद्य दाखवतो, कोंबत नाही. आणि मिस्त्रीला तरी किती शिव्या द्यायच्या? मशीन उघडून बघणं त्याचं काम नव्हतं. ते काम माझं होतं. ही गोष्ट डोक्यात शिरली तेव्हा मी टेबलाखालची भंगाराची पेटी ओढली आणि आधीच्या दोन्ही सँडर शोधून काढल्या. इतके महिने त्या माझ्या पायाशीच पडून होत्या.

दोन्ही उघडल्या. दोन्हींत तोच लगदा, तोच वास, वरचा कार्बन रुतलेला, खालचा मोकळा. दोन्हींचे पॅड सारखे झिजलेले. पहिली मशीन उघडायला मला दहा मिनिटं लागली असती. तेवढी दहा मिनिटं मी दिली असती तर दुसरी जळाली नसती, तिसरी जळाली नसती आणि बाई घरी बसली नसती. शिवाय अशी बातमी आमच्याकडे लवकर पसरते. "मशीनी जाळते" असं एकदा नाव पडलं की मेहकर ते जानेफळ कोणत्याही कारखान्यात तिच्या हाती कुणी मशीन देणार नव्हता. शिकलेला हात पुन्हा निंदण-खुरपणाला जाणार होता. आणि सगळं खापर माझं नाव घेऊन तिच्या डोक्यावर फोडलेलं होतं.

मी कागद लिहिला. "तीनही मशीनी वरून तेल घातल्याने जळाल्या. चालवणाऱ्याचा हात उत्तम आहे." खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला आणि गाडी काढून तिच्या गावाला गेलो. कागद दिला की आपलं काम झालं, असं वाटेत मनाशी ठरवत होतो. गावात घर विचारत पोचलो तर ती अंगणात उडदाच्या शेंगा बडवत होती. तोंडाला ओढणी नव्हती, त्यामुळे मी तिला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं.

"बसा भाऊ," ती म्हणाली आणि आतून पाणी आणलं.

"ताई, मशीनी तुमच्या हातानं नाही जळाल्या," मी म्हणालो. "तेलानं जळाल्या."

"मले माहीत हाय."

मला वाटलं मिस्त्रीकडून तिला कळलं असेल. पण तसं नव्हतं.

"अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मशीन चालू केली का तेलाचा वास यायचा," ती म्हणाली. "जाळीतून धूर निघे. पयल्याच मशीनीच्या वक्ताले म्या मिस्त्रीले सांगतलं, तेल नका टाकू. ते म्हणे, तुमच्यात देव मानत नाई म्हणून तू असं बोलून राह्यली. मंग म्या शेठले म्हणलं, मेहकरच्या भाऊले इचारा. ते मशीन उघडून पाहतात. ते जे सांगतीन ते खरं."

एवढं बोलून तिने दोन काठ्या मारल्या. शेंगा उडाल्या.

"शेठ तुमच्याकून वापस आले आन् सगळ्याईसमोर म्हणे, भाऊ म्हणते दाबून वापरली. मंग मी काय बोलू? दुसऱ्या मशीनीच्या वक्ताले मी बोललीच नाई."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी न पिताच खाली ठेवला. माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला होता, हे मला ठाऊकही नव्हतं, आणि मी त्या भरवशावर न पाहता शिक्का मारून मोकळा झालो होतो. लाज वाटली असं म्हणणं सोपं आहे. मला स्वतःचा राग आला, अगदी थोबाडीत मारून घ्यावी असा.

मी खिशातून कागद काढून पुढे केला. तिने तो हातातसुद्धा घेतला नाही.

"कागद मले कायले?" ती म्हणाली. "तिथं तोंडानं बोलले होते ना, तिथंच तोंडानं बोला. सगळ्याईसमोर."

शनिवारी चहाच्या सुट्टीत मी तीनही उघड्या मशीनी पोत्यात घालून कारखान्यात गेलो. तिला यायला सांगितलं होतं, ती आली होती. शटरच्या आत, भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी तिला बस म्हणालं नाही. मी एका नव्या बाकावर तीनही मशीनी मांडल्या, सगळ्यांना जवळ बोलावलं. पॅड दाखवले, बेअरिंग फिरवून दाखवल्या, लगदा एकेकाच्या बोटाला लावून वास घ्यायला लावला. रंधावाला एक जण हळूच म्हणाला, "दिव्याचं तेल हाय बे हे." पोरासोरांनाही समजू नये अशी ही गोष्ट नव्हती. दहा वर्षं लाकडात घालवलेल्या माणसांना झिजलेला पॅड वाचता येतो. त्यांनीही आजवर वाचला नव्हता, इतकंच.

मिस्त्री मात्र मशीनीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"भाऊ, पयल्या दोनी वक्ताले तुमी म्हणलं दाबून वापरली," तो म्हणाला. "तवा हे तेल दिसलं नाही काय तुमाले? मशीनी उघडल्या नव्हत्या काय?"

"नाही."

"न उघडताच सांगतलं?"

"हाव," मी म्हणालो. "न उघडताच सांगतलं. चूक माही हाय. बाईची नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वीस वर्षांत कमावलेलं नाव त्या हसण्यात किती गेलं, कोण जाणे. त्यानंतर त्या कारखान्याच्या दोन मशीनी चिखलीला दुरुस्तीला गेल्याचं मी ऐकलं. जाऊ देत.

शेठला हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. "चला, झालं ते झालं," तो हात झाडत म्हणाला. "मिस्त्रीची बी चूक नाही, बाईची बी नाही. कंपनीचा मालच खराब होता, असं समजू."

"माल चांगला होता," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "चांगल्या मालात तेल ओतलं. जे झालं ते म्हणा ना शेठ! बाईले काढताना सगळ्याईसमोर काढलं, घेताना कंपनीच्या आडून घेता?"

शेठने ओठ चावला. मग भिंतीकडे वळून म्हणाला, "ये बाई सोमवारपासून. तेलानं जळाल्या मशीनी. बस?"

ती भिंत सोडून पुढे आली. पहिल्यांदाच ती त्या सगळ्यांसमोर ओढणीशिवाय बोलत होती.

"येतो," ती म्हणाली. "पण अमावस्येले पूजेच्या वक्ताले मले पाणी भराले बाहेर पाठवता, ते बंद. मी माह्या मशीनीपाशी उभी राहीन. हात जोडनार नाई. आन् तेल टाकू देनार नाई."

मिस्त्री खाली बघत होता. शेठने सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणता भाऊ? काय करावं?"

"मले कायले इचारता?" मी म्हणालो. "मशीन ती चालवते. तिले इचारा."